शेंगा बघायला कोण येतं?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कोणीतरी पेपरातलं एक कात्रण लावलं होतं. फोटोत एक साहेब उभे होते. हातात झारी, समोर कुंडी आणि कुंडीत कारवीचं वीतभर रोप. आमच्या डोंगरावरच्या कारवीच्या संवर्धनासाठी साहेबांनी पुढाकार घेतला आहे, असं खाली छापलं होतं. मी ते दोनदा वाचलं, कारण साहेबांना मी ओळखत होते. सव्वा वर्षापूर्वी त्याच डोंगराचा एक उतार जाळायच्या कागदावर त्यांनीच सही केली होती आणि त्यातला अर्धा उतार जळलाही होता.

गावडे मावशी असत्या तर त्यांनी ते कात्रण बोर्डावरून काढलं असतं आणि त्यात एखादं पान दाबून ठेवलं असतं. पेपरचा त्यांना पटलेला उपयोग तेवढाच.

मावशी आमच्या बॉटनीच्या लॅबच्या अटेंडंट. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात त्यांनी तीसेक वर्षं काचपट्ट्या धुतल्या, बाटल्या भरल्या आणि प्रॅक्टिकलसाठी डोंगरावरून नमुने आणले. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण मला ते जमेल की नाही याची खात्री नव्हती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. घरात आजवर लिहिलं गेलं ते रेशनच्या अर्जापुरतं. पण ते कात्रण बघितल्यावर वाटलं, खोटं छापून येतं तर खरं निदान लिहून तरी ठेवावं.

मावशी ठेंगण्या आणि काटक होत्या. खाकी एप्रनच्या खिशात एक पेन्सिल आणि एक चिमटा. पेन त्यांनी कधी वापरलं नाही. शाई पाण्यात पसरते, पेन्सिल पसरत नाही, म्हणून लेबलं पेन्सिलीनेच. मुलांना त्या नावाने हाक मारत नसत, रोल नंबरने मारत. मी एकोणचाळीस. मधल्या सुट्टीत कॅन्टीनमध्येसुद्धा, ‘‘एकोणचाळीस, तो वडा कालचा आहे, खाऊ नको.’’ माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, हे मला अजून माहीत नाही.

पहिल्या वर्षी आम्हाला मायक्रोस्कोपखाली खोडाचा आडवा छेद बघून त्याची आकृती काढायची होती. लेबलवर लिहिलं होतं, सूर्यफूल. पुस्तकात सूर्यफुलाच्या खोडातले ठिपके गोल रिंगणात असतात. सगळ्यांनी रिंगण काढलं. मीही काढलं. सरांनी सगळ्यांच्या जर्नलवर सह्या केल्या. सर गेल्यावर मावशी माझ्या टेबलापाशी आल्या आणि जर्नलकडे बघून म्हणाल्या, ‘‘काय गो एकोणचाळीस, बघितलंस की वाचलंस?’’

मी म्हटलं, बघितलं.

‘‘परत बघ.’’

मी परत बघितलं. ठिपके रिंगणात नव्हते. सगळ्या खोडभर विखुरलेले होते. ते मक्याचं खोड होतं. मावशी दरवर्षी पहिल्या बॅचला सूर्यफुलाच्या लेबलखाली मका लावत. तीस वर्षांत किती जणांनी येऊन सांगितलं, असं मी विचारलं. त्यांनी दोन बोटं वर केली. ‘‘आणि त्या दोघांत सर एकपण नाय.’’

त्यांच्या लेखी जगात दोनच जातींची माणसं होती, बघणारी आणि वाचणारी. वाचणाऱ्यांबद्दल त्यांना वाटे ती निव्वळ तुच्छता होती आणि ती त्या लपवत नसत. प्राचार्य, प्राध्यापक, नगरसेवक, टीव्हीवर बोलणारे, सगळे त्यात आले.

डोंगराला त्या डोंगर म्हणत नसत आणि जंगलही म्हणत नसत. ‘वर’ म्हणत. ‘‘गुरुवारी वर जाऊन येते.’’ लग्न होऊन मालवणाकडून आल्या तेव्हा पायथ्याशीच त्यांची पहिली खोली होती आणि तिच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या होत्या. आता त्या जागी पक्की चाळ आहे आणि चाळीच्या डोक्यावर ‘अरण्यछाया’ नावाचा टॉवर आहे. टॉवरच्या मागे सुरू होतो तो उतार. सगळा उतार कारवीचा, आणि कारवीत मधेमधे जुने कुसुंब, बेहडे, नाव माहीत नसलेल्या वेली. दोघांनी हात धरले तरी कवेत मावणार नाहीत असे बुंधे. मावशी म्हणायच्या, ‘‘ही झाडं कोणी लावलेली नायत ना, म्हणून त्यांच्यासाठी कोणी भाषण करत नाय. लावलेल्या झाडाला बोर्ड तरी असतो.’’

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा ऑगस्टमध्ये कारवी फुलली. ती सात वर्षांनी एकदा फुलते. अख्खा उतार जांभळा झाला. त्या महिन्यात मुलुंडमध्ये जंगलावर प्रेम करणारी इतकी माणसं निघाली की चाळीतल्या बायकांना नळावर जायला वाट मिळेना. अंधेरीहून, बोरिवलीहून, ठाण्याहून लोक आले. अरण्यछायाचे लोक तर मागच्या दारानेच आत शिरत. आम्ही काही मुलं मावशींबरोबर वर होतो, तेव्हा टॉवरमधल्या एका बाईंनी आपला फोन मावशींच्या हातात दिला. ‘‘मावशी, माझा एक फोटो काढता का? फुलं सगळी आली पाहिजेत हं.’’

मावशींनी फोन नीट धरला, एक डोळा मिटला आणि फोटो काढला. बाईंनी बघितला. फोटोत फक्त त्यांचे पांढरे बूट होते आणि बुटांखाली मोडून पडलेली कारवी होती.

‘‘हे काय काढलंत?’’

‘‘फुलं सगळी आली पाहिजेत म्हणालात ना. तिथेच होती ती.’’

बाई रागावून गेल्या. मावशी आम्हाला म्हणाल्या, ‘‘आत्ता येतील सगळे. शेंगा बघायला कोण येतं ते बघते मी.’’

तेव्हा मला ते नुसतं टोमण्यासारखं वाटलं. नंतर त्यांनीच समजावलं. फुलं गेली की कारवी वाळते. पानं झडतात आणि काटक्यांवर बारक्या, चिकट, वासाच्या शेंगा राहतात. सगळा उन्हाळा त्या तशाच मिटून राहतात. पुढच्या जूनमध्ये पाणी लागलं की टप् करून फुटतात आणि बी लांब उडतं. त्या बियांतून पुढची कारवी. म्हणजे ऑक्टोबरपासून जूनपर्यंत तो उतार मेल्यासारखा दिसतो, पण पुढच्या सात वर्षांचं सगळं त्या शेंगांत असतं. त्या मधल्या महिन्यांत जो उतार जाळेल, तो नुसत्या काटक्या जाळणार नाही.

आणि नेमकं तेच ठरलं.

जानेवारीत अरण्यछायाच्या कमिटीने अर्ज दिला, की मागची वाळलेली झाडी धोकादायक आहे. आदल्या उन्हाळ्यात तिथे आग लागली होती, हे खरं. ती त्यांच्याच गच्चीवरच्या पार्टीतल्या शेगडीच्या ठिणगीने लागली होती, हेही खरं, पण ते अर्जात नव्हतं. टॉवरच्या जाहिरातीत म्हटलं होतं, खिडकी उघडा, जंगल आत येईल. आता त्यांना जंगल हवं होतं, पण हिरवं, झाडून घेतलेलं आणि दहा फूट लांब.

डोंगराचा तो तुकडा ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याला आम्ही नुसतं ‘खातं’ म्हणायचो. दरवर्षी खातं डोंगरावर जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचा एक अरुंद पट्टा आधीच जाळून ठेवतं, की पुढे वणवा पसरू नये. त्याला मावशींची कधी हरकत नव्हती. या वर्षी मात्र खात्याने पट्टा सोडून अख्खा उतारच ‘नियोजनबद्ध जाळणी’त घातला. सर्वेक्षण झालं होतं. सर्वेक्षणाच्या फॉर्मात झाडोऱ्यासाठी दोनच रकाने होते, जिवंत आणि मृत. जानेवारीत येऊन त्यांनी कारवी बघितली आणि ‘मृत’वर खूण केली. मग खाली बेरीज केली आणि मेलेला पाला एवढा आहे म्हणजे धोका तेवढा आहे, असं लिहिलं. हरकती आणि सूचना असल्यास तीस दिवसांत कळवाव्यात, असा कागद डोंगराच्या फाटकावर चिकटवला, तोही आतल्या बाजूने.

मावशींनी तो वाचला. त्यांना स्वतःहून काही वाचताना मी पहिल्यांदाच बघत होते.

‘‘मृत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्यांच्या घरी बाळंतीण झोपली तर तिला पण उचलतील.’’

पहिल्यांदा त्या कोणाकडे मदत मागायला गेल्या नाहीत. मदत त्यांच्याकडे चालून आली. पार्ल्यातल्या एका पर्यावरणप्रेमी गटाला बातमी कळली होती. त्यांनी एका हॉलमध्ये सभा ठेवली आणि मावशींना ‘स्थानिक आवाज’ म्हणून बोलावलं. मी सोबत गेले. हॉल छान होता. सगळ्यांच्या अंगात सारखे हिरवे टी-शर्ट होते. मंचामागे मोठा फ्लेक्स होता, ‘आपलं जंगल, आपला श्वास’, आणि त्यावर जंगलाचा फोटो. उंच, सरळ, सुईसारख्या पानांची झाडं. खाली बर्फ.

मावशी फ्लेक्ससमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. गटाचा प्रमुख, चांगला उत्साही मुलगा होता, तो येऊन म्हणाला, ‘‘मावशी, कसा वाटला? परवाच केला.’’

‘‘ह्यातलं एक झाड मुलुंडच्या डोंगरावर दाखव. मी तुझ्या पायावर डोकं ठेवते.’’

‘‘अहो, ते सिम्बॉलिक आहे.’’

‘‘बरं. मग त्यांनी जाळलं ते पण सिम्बॉलिकच समज.’’

सभेत मानवी साखळी ठरली, बासरीवादन ठरलं, एक हॅशटॅग ठरला. मावशींना दोन मिनिटं दिली होती. त्या उठून म्हणाल्या, ‘‘रविवारी सात वाजता वर या. सुतळी आणा, चार खिळे आणा. शेंगा मोजायच्या आहेत. जेवायला आपापलं.’’ आणि खाली बसल्या. टाळ्या पडल्या. रविवारी त्या हॉलमधलं कोणी आलं नाही. मानवी साखळी मात्र झाली, डोंगरापासून तीन किलोमीटरवर, कारण तिथे सावली होती.

रविवारी सातला आलो ते आम्ही वर्गातली अकरा मुलं आणि चाळीतल्या सहा बायका. मावशींनी जमिनीत चार खिळे ठोकून सुतळीची एक मीटरची चौकट केली, आम्ही प्रॅक्टिकलला करतो तशी. चौकटीत कारवीच्या काटक्या किती, काटकीला शेंगा किती. बायका आमच्यापेक्षा भराभर मोजत होत्या. शेंगांचा चिकट रस हाताला लागून बोटं काळी झाली. एका चौकटीतच इतक्या शेंगा निघाल्या की वहीची ओळ पुरेना. चार रविवार आम्ही तसं केलं आणि जर्नलच्या कागदांवर आकडे लिहून, त्याला चाळीच्या आणि वर्गाच्या सह्या जोडून हरकत दाखल केली. माझं अक्षर बरं म्हणून अर्ज मी लिहिला. सरकारी अर्ज मी आधी कधी लिहिला नव्हता. ‘महोदय’ लिहिल्यावर पुढे काय लिहायचं ते सुचेना. मावशी म्हणाल्या, ‘‘लिही, झाड मेलेलं नाय. वर येऊन बघा.’’ मी ते सहा ओळींत लिहिलं. आता वाटतं, त्यांचंच वाक्य ठेवायला हवं होतं.

सुनावणीला मावशी, मी आणि चाळीतल्या दोघी गेलो. टेबलापलीकडे साहेब, तेच ते, कुंडीतले. त्यांच्या बाजूला फाईल घेऊन लिपिक आणि दाराशी शिपाई. साहेब चांगलं बोलत होते. अहो-जाहो करत होते. त्यांनी आमचे आकडे चाळले आणि म्हणाले, ‘‘मेहनत घेतली आहे. पण तांत्रिक अहवालात हा झाडोरा मृत आहे.’’

मावशींनी पिशवीतून पेपरची घडी काढली, घडीतून कारवीची वाळकी फांदी काढली आणि साहेबांच्या पाण्याच्या ग्लासात उलटी बुडवली.

‘‘हे काय करताय?’’

‘‘पाच मिनिटं थांबा, साहेब. नुसतं बघत बसा.’’

साहेब बसले. एक मिनिट झालं. फांदी फांदीसारखीच होती. लिपिकाने घड्याळ बघितलं. दुसऱ्या मिनिटाला साहेब हसले, वाईट नाही, पोरांना हसतात तसे. तिसऱ्या मिनिटाला त्यांचा फोन वाजला आणि ते ‘‘हो सर, हो सर’’ करत बाहेर गेले. लिपिक त्यांच्या मागे फाईल घेऊन गेला.

चौथ्या मिनिटाला टप् झालं. मग टप् टप्. एक बी साहेबांच्या टेबलाच्या काचेवर आपटलं, एक शिपायाच्या शर्टावर. शिपाई जवळ येऊन ग्लासावर वाकला. ‘‘अरे तिच्यायला,’’ तो म्हणाला, ‘‘जिवंत आहे की.’’

साहेब परत आले तेव्हा फांदीवरच्या शेंगा फुटून संपल्या होत्या. मावशींनी टेबलावरच्या बिया दाखवल्या. साहेब म्हणाले, ‘‘पण हे माझ्यासमक्ष झालं नाही. इतिवृत्तात कसं घेणार?’’

‘‘ह्यांच्यासमक्ष झालं ना,’’ मावशींनी शिपायाकडे बोट केलं.

‘‘ते साक्षीदार होऊ शकत नाहीत.’’

‘‘मग परत करते. दुसरी फांदी आहे.’’

‘‘साडेबाराला माझी दुसरी मीटिंग आहे. निर्णय कळवला जाईल.’’

बाहेर आल्यावर मला रडू येत होतं. मावशी चप्पल घालता घालता म्हणाल्या, ‘‘रडतेस काय? त्या खोलीत एक माणूस तरी बघणारा निघाला. आमच्या डिपार्टमेंटपेक्षा बरं आहे.’’

निर्णय येईपर्यंत थांबण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आठवड्यातच त्या पिशवीभर वाळक्या फांद्या घेऊन उतरत असताना खात्याच्या रक्षकाने त्यांना फाटकाशी अडवलं. मी मागेच होते.

‘‘हे नेता येणार नाही, मावशी. वनउपज आहे. गुन्हा होतो.’’

‘‘मेलेलं आहे ना रे? तुझ्या कागदावर तसं लिहिलंय.’’

‘‘मेलेलं असलं तरी उपज ती उपज.’’

‘‘म्हणजे तुम्ही जाळलंत तर नियोजन, आणि मी नेलं तर चोरी.’’

रक्षक खजील झाला. त्याच्या हातात काही नव्हतं. मावशींनी पिशवी तिथेच ओतली आणि दुसऱ्या दिवशी लॅबमधलं कपाट उघडून एक जुना कागद शोधून काढला. कॉलेजला त्या डोंगरावरून अभ्यासासाठी नमुने घ्यायची परवानगी होती. प्रत्येक विद्यार्थ्याला पाच. आमच्या अभ्यासक्रमात हर्बेरियम असतं, म्हणजे झाडांच्या फांद्या पेपरात दाबून, वाळवून, जाड कागदावर शिवून द्यायच्या. प्रत्येकाने पाच शीट. पाच वेगवेगळ्या वनस्पती, अशी पद्धत आहे. पण त्या परवानगीच्या कागदावर ‘वेगवेगळ्या’ हा शब्द नव्हता. मावशींनी तो चष्मा लावून तीनदा वाचला.

मग वर्गात येऊन त्या फळ्यापाशी उभ्या राहिल्या. सर अजून आले नव्हते. ‘‘ज्याला मार्क पाहिजेत त्याने पाच झाडं आणा. ज्याला कारवी पाहिजे त्याने पाचही कारवी आणा. हातभर फांदी, शेंगांनी भरलेली. सर मार्क कापतील. मी आधीच सांगून ठेवते, नंतर माझ्या नावाने बोंबलू नका.’’

मला मार्कांची फार गरज होती. माझी फीमाफी मार्कांवर अवलंबून होती. मी दोन दिवस विचार केला. घरी आईला सांगितलं. आईने एवढंच विचारलं, ‘‘ती बाई खरं बोलते का?’’ मी हो म्हटलं. पाचही कारवी आणल्या. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी आणल्या. रक्षकाने फाटकाशी परवानगीचा कागद बघितला, प्रत्येकाच्या पाच फांद्या मोजल्या आणि आम्हाला सोडलं. शेवटच्या मुलाला त्याने हळूच सांगितलं, की वरच्या बाजूला शेंगा जास्त भरलेल्या आहेत.

सर आमचे गठ्ठे बघून हबकले. ‘‘अख्ख्या वर्गाची एकच वनस्पती? तुम्ही काय ठरवून आलात का?’’ त्यांनी सगळ्यांचे मार्क कापले आणि शीट लॅबच्या कपाटात टाकून दिल्या. सरांना कारवी ओळखू आली, हेच मावशींना पुष्कळ वाटलं.

मार्चच्या एका सकाळी खात्याने उतार जाळला. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. पहिल्या लेक्चरला खिडकीतून धूर दिसला. मी पळत गेले तेव्हा मावशी फाटकापाशी उभ्या होत्या, आणि खात्याचा माणूस त्यांना सुरक्षिततेच्या कारणास्तव मागे व्हायला सांगत होता. चाळीतल्या बायका आल्या होत्या. त्यांनी फाटकातच बसकण मारली, म्हणून पाण्याचा टँकर आत जाईना. टँकर नसेल तर जाळणी थांबवावी लागते, हा खात्याचाच नियम. खात्यातल्याच कोणीतरी तो बायकांना सांगितला होता. तेवढ्याने वरचा अर्धा उतार वाचला. खालचा अर्धा दुपारपर्यंत जळून गेला. त्यात एक बेहडा होता, मावशी दर गुरुवारी त्याच्या बुंध्याशी टेकून डबा खात. तो आतून धुमसत तीन दिवस उभा होता, मग पडला. टॉवरच्या खिडक्यांतून लोक फोनवर शूटिंग करत होते. संध्याकाळी त्यांच्या कमिटीने धुरामुळे मुलांना त्रास झाला म्हणून तक्रार केली.

मावशी त्या दिवशी लॅबमध्ये येऊन काचपट्ट्या धूत बसल्या. आधीच धुतलेल्या होत्या त्या.

जाळणीनंतर तीन आठवड्यांनी कॉलेजच्या पत्त्यावर पत्र आलं. ‘आपल्या हरकतीत तथ्य आढळून आल्याने सदर उतारावरील जाळणी पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात येत आहे.’ मी ते मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी तारीख विचारली. तारीख जाळणीच्या आधीची होती. पत्र त्यांच्याच कार्यालयाच्या दोन मजल्यांमध्ये फिरत राहिलं होतं. ‘‘चांगलं लिहिलंय,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘एक चूक नाय.’’

मे अखेरीला त्या रिटायर झाल्या. हॉलमध्ये परीक्षेचे बाक लावलेले होते म्हणून निरोप समारंभ लॅबमध्येच ठेवला. हवा दमट होती, पंखे फिरून उपयोग नव्हता. प्राचार्य मावशींबद्दल बोलले. गावडे मावशींच्या ऐवजी त्यांनी दोनदा ‘गावंडेबाई’ म्हटलं. त्यांच्या कार्यकाळात काचेची भांडी फार कमी फुटली, असं त्यांनी सांगितलं. शाल दिली, नारळ दिला. मग सर पर्यावरणावर बोलायला उभे राहिले, आणि मागच्या कपाटातून आवाज आला. टप्.

सर थांबले. पुन्हा बोलू लागले. टप् टप्. सगळ्यांनी मागे बघितलं. हवेतल्या ओलीने आमच्या कापलेल्या मार्कांच्या शीट फुटायला लागल्या होत्या.

‘‘उंदीर झालेत,’’ प्राचार्य म्हणाले. ‘‘गावंडेबाई, जायच्या आधी तेवढं बघा.’’

‘‘बघते,’’ मावशी म्हणाल्या, आणि सरांचं भाषण मध्येच सोडून उठल्या.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे चुटपुट नको. मावशी जूनमध्ये मालवणला कायमच्या राहायला गेल्या. ऑगस्टमध्ये मी एकटी वर गेले. वाचलेल्या वरच्या उतारावर कारवीची रोपं दाटीने आली होती. खालच्या जळलेल्या भागात बरीचशी काळी जमीन होती आणि दुसरं काही उगवू न देणाऱ्या घाणेरीने हातपाय पसरले होते. पण एका पट्ट्यात, पडलेल्या बेहड्याच्या आजूबाजूला, कारवी होती. बोटाएवढी. मी सुतळी आणि खिळे नेले होते. मोजून झाल्यावर तिथूनच फोन लावला.

‘‘मावशी, मी एकोणचाळीस बोलतेय. आलीय.’’

‘‘कोणी सांगितलं?’’

‘‘मी बघितली.’’

मग त्या म्हणाल्या, ‘‘घाणेरी उपट. मुळापासून,’’ आणि फोन ठेवला. ती मी दर रविवारी उपटते. आता आम्ही चौघी-पाचजणी जातो. फोटोतल्या साहेबांनी जिच्यावर झारी धरली आहे ती कुंडी अरण्यछायाच्या फाटकात आहे. रोप मेलं. कारवी कुंडीत जगत नाही.

पण मावशी आठवतात त्या निरोपाच्या दिवशीच्या. समारंभाची नवी जांभळी साडी नेसलेल्या. कपाट उघडून त्यांनी सगळ्या शीट बाहेर काढल्या, फांद्या शिवणीसकट ओरबाडून टेबलावर टाकल्या आणि अंगावरची शाल आणि खुंटीवरचा खाकी एप्रन यांत त्यांची दोन गाठोडी बांधली. नारळ टेबलावरच राहिला. मी दुसरं गाठोडं उचललं तर म्हणाल्या, ‘‘राहू दे, तुझा पेपर आहे उद्या. वाच जा.’’ त्या शब्दाची त्यांना किती घृणा होती ते मला माहीत होतं, म्हणून मी गाठोडं त्यांच्या खांद्यावर दिलं. खिडकीपाशी उभी राहिले.

त्या मागच्या रस्त्याने निघाल्या, दोन्ही खांद्यांवर दोन गाठोडी. डोंगराकडची जवळची वाट अरण्यछायातून जाते आणि तिथल्या फाटकावर नवा सुरक्षारक्षक होता. त्याने हात आडवा केला. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. बहुतेक त्याने गाठोड्यात काय आहे ते विचारलं असावं, कारण मावशींनी एक गाठोडं त्याच्या कानाला लावलं. तो तसाच, मान वाकडी करून, ऐकत उभा राहिला. मग त्याने हात खाली घेतला, आणि मावशी वर गेल्या.